देव समोर का येत नाही? ‘हेस्तेर पानिम’विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘चमत्काराशिवाय नमस्कार नाही’ ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. घर बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचं, असलं तरी गल्ली सगळ्यांची होती, म्हणही सगळ्यांचीच. तिच्याच आधाराने मित्र विचारतात: तुमच्या देवाची मूर्ती नाही, तसबीर नाही, समुद्र दुभंगल्याच्या गोष्टी हजारो वर्षांपूर्वीच्या, मग आज तो आहे कशावरून? हल्ली आमची मुलंही हेच विचारतात, आणि त्यांच्या विचारण्यात राग असतो. मी रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नाही. सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, ऐकलेलं, वाचलेलं आणि मनात घोळवलेलं इथे मांडतो आहे.

‘हेस्तेर पानिम’ म्हणजे काय?

हिब्रूत ‘पानिम’ म्हणजे चेहरा, ‘हेस्तेर’ म्हणजे लपवणं. तोरा म्हणजे आमचा मूळ धर्मग्रंथ, पाच पुस्तकांचा. तिच्या पाचव्या पुस्तकात, लोकांना इजिप्तच्या गुलामीतून सोडवणारा मोशे मरणाच्या दारात उभा असताना, देव त्याला सांगतो की हे लोक पुढे मला सोडून जातील आणि त्या दिवशी ‘हास्तेर आस्तिर पानाय’, मी माझं तोंड लपवीनच लपवीन. तोंड लपवणं आणि निघून जाणं यांत फरक आहे. लपलेला माणूस त्याच घरात असतो.

यशया संदेष्टा पुढे देवालाच म्हणतो, ‘खरोखर तू लपून राहणारा देव आहेस.’ म्हणजे ही शंका आज विज्ञान शिकलेल्या पोरांनी काढलेली नाही. ती आमच्या पवित्र ग्रंथातच, संदेष्ट्याच्या तोंडी आहे.

पण तोरात तर चमत्कारांची रेलचेल आहे. ते थांबले का?

रेलचेल आहेच. दहा पीडा, दुभंगलेला समुद्र, आकाशातून पडणारं अन्न, मान्ना. पण त्या चमत्कारांच्या पुढची पानंही वाचावीत, बहुतेक लोक तिथे थांबतात.

समुद्र कोरड्या पायांनी ओलांडला, किनाऱ्यावर गाणं गायलं, आणि तीन दिवस वाळवंटात चालून मारा नावाच्या जागी कडू पाणी लागलं तशी कुरकुर सुरू: ‘प्यायचं काय?’ अवघे तीन दिवस! सिनाय पर्वतावर विजा, धूर, शिंगाचा आवाज, प्रत्यक्ष देवाची वाणी. आणि मोशे चाळीस दिवस वर काय राहिला, खाली सोन्याचं वासरू तयार. इतके चमत्कार एका पिढीने कधीच पाहिले नव्हते आणि इतकी डळमळीत पिढीही तोरात दुसरी नाही.

एलियाहू संदेष्ट्याचं तर आणखी विदारक. कार्मेल डोंगरावर बआल या परक्या देवाचे ४५० संदेष्टे एका बाजूला आणि हा एकटा दुसऱ्या बाजूला. आकाशातून आग उतरली, पाण्याने भिजवलेलं अर्पण, लाकडं, दगड सगळं तिने गिळलं. लोक पालथे पडून ओरडले, ‘अदोनाय हू हाएलोहीम!’ परमेश्वर हाच देव. वाटतं, झालं, आता वादच मिटला. पण लगेच राणी इझेबेलची धमकी येते आणि एलियाहू जीव मुठीत धरून रानात पळतो, एका झुडपाखाली बसून मरण मागतो. कालच्या गर्दीतला एकही माणूस त्याच्या पाठीशी उभा राहिल्याचं लिहिलेलं नाही.

तिथून तो होरेबच्या गुहेत जातो. डोंगर फोडणारा वारा येतो, देव वाऱ्यात नाही. भूकंप होतो, देव त्यात नाही. आग येते, आगीतही नाही. मग येतो ‘कोल देमामा दाका’, एक बारीक, निःशब्द म्हणावा असा आवाज. आणि तो ऐकून एलियाहू चेहरा झग्याने झाकून घेतो. आग उतरवणाऱ्यालाच देव शिकवतो आहे की मी आगीत नव्हतो. या विषयावर मला एकच उतारा निवडायला सांगितला तर मी हा निवडीन.

एकदाच ढळढळीत चमत्कार केला तर सगळं जग मानेल. मग अडचण काय?

मानेल, पण भीतीने. तालमूद म्हणजे जुन्या रब्बींच्या चर्चांचा मोठा संग्रह. तिच्या शब्बात ग्रंथात याचं एक अफाट चित्र आहे. सिनायच्या पायथ्याशी लोक उभे असताना देवाने अख्खा पर्वत उचलून हंड्यासारखा त्यांच्या डोक्यावर उपडा धरला आणि म्हणाला, ‘तोरा घ्याल तर ठीक, नाहीतर इथेच तुमची कबर.’ त्यावर राव आहा बार याकोव्ह नावाचे पंडित म्हणतात की हा तर तोराविरुद्ध मोठाच आक्षेप झाला. डोक्यावर डोंगर धरून घेतलेल्या वचनाला किंमत काय? जबरदस्तीचा करार कुठल्या न्यायालयात टिकतो?

रावा हे दुसरे पंडित उत्तर देतात: खरं आहे, पण पर्शियाची यहुदी राणी एस्तेर हिच्या काळात त्यांनी तो पुन्हा, राजीखुशीने स्वीकारला. इथे थांबून विचार करावा. सिनायचा करार उघड चमत्काराच्या सावलीत झाला म्हणून कच्चा. तो पक्का झाला पर्शियात, यरुशलेमचं मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर, परक्या राजाच्या राज्यात, जिथे देव कुठेच दिसत नव्हता.

याच्या जोडीला एक रोखठोक उत्तर आवोदा झारा ग्रंथात आहे. रोममध्ये तत्त्वज्ञांनी यहुदी वडीलधाऱ्यांना विचारलं, ‘तुमच्या देवाला मूर्तिपूजा नको, तर तो त्या वस्तू नष्ट का करत नाही?’ उत्तर आलं की लोक सूर्य, चंद्र, तारेही पूजतात. मूर्खांपायी त्याने जग बुडवायचं का? ‘ओलाम केमिनहागो नोहेग’, जग आपल्या रीतीने चालतं. तिथेच पुढे म्हटलंय की चोरलेला गहू पेरला तर न्यायाने तो उगवायला नको, पण तो उगवतो. चोराचा जाब नंतर घेतला जातो, जमीन मात्र तिची रीत सोडत नाही. कोकणात भातशेती आणि तेलघाणे सांभाळून राहिलेल्या आमच्या पूर्वजांना हे समजावून सांगावं लागलं नसतं.

एस्तेरच्या पुस्तकात देवाचं नावच नाही, हे खरं आहे का?

खरं आहे. दहा अध्याय, १६७ ओळी, पर्शियाच्या राजाचा उल्लेख पानोपानी, आणि इस्राएलच्या देवाचं नाव एकदाही नाही. समुद्र दुभंगत नाही, संदेष्टा बोलत नाही. घडतं ते इतकंच: एका रात्री राजाला झोप येत नाही. तो बखर वाचायला लावतो, नेमकं एस्तेरचा पालक मोर्देखाय याने राजाचा जीव वाचवल्याचं पान निघतं, आणि तिथून यहुद्यांना संपवायला निघालेल्या वजीर हामानचा डाव उलटायला लागतो.

तालमूदमध्ये प्रश्न येतो, ‘तोरात एस्तेरचा उल्लेख कुठे?’ उत्तर: ‘हास्तेर आस्तिर’, मी लपवीनच. एस्तेर आणि आस्तिर, उच्चाराला जवळजवळ एकच. एस्तेर कचरते तेव्हा मोर्देखाय तिला सांगतो की तू गप्प बसलीस तरी यहुद्यांची सुटका ‘दुसऱ्या ठिकाणाहून’ होईल. ‘माकोम’, म्हणजे ठिकाण, हे पुढे रब्बींच्या भाषेत देवाचंच एक नाव झालं. पण त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते मोर्देखायचं पुढचं वाक्य: ‘कोण जाणे, याच वेळेसाठी तू राणी झाली असशील.’ तो ‘देवाने मला सांगितलं’ म्हणत नाही. ‘कोण जाणे’ म्हणतो. एवढ्यावर ती पोरगी जीव धोक्यात घालून राजासमोर जाते.

एस्तेरचं पुस्तक वाचायचा सण म्हणजे पुरीम. त्याला आमची जुनी माणसं ‘होळीचा सण’ म्हणायची, कारण दोन्ही आसपास येतात. गोंगाट तर होतोच: वाचनात हामानचं नाव आलं की पोरं पाय आपटतात, खुळखुळे वाजवतात. त्या गदारोळात न उच्चारलेल्या नावाकडे कुणाचं लक्षही जात नाही.

चमत्कार हा धर्म खरा असल्याचा पुरावा नाही का?

आमच्यात नाही, आणि हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. तोराच स्पष्ट बजावते की कुणी संदेष्टा उभा राहिला, त्याने खूण दाखवली, ती खरी ठरली, आणि मग तो म्हणाला ‘चला, दुसऱ्या देवांमागे जाऊ’, तर ऐकू नका. रामबाम, म्हणजे तत्त्वज्ञ रब्बी मोशे बेन मैमोन (११३८–१२०४), लिहितात की इस्राएलांनी मोशेवर विश्वास ठेवला तो त्याच्या चमत्कारांमुळे नव्हे. जो चमत्कारावर विश्वास ठेवतो त्याच्या मनात खोट राहते, हे जादूटोण्यानेही केलं असेल अशी. ते चमत्कार गरजेपोटी झाले. भूक लागली म्हणून मान्ना, तहान लागली म्हणून खडकातून पाणी.

आणि मग आखनाईच्या भट्टीची गोष्ट. वाद एका मातीच्या भट्टीवरून: तुकडे कापून मध्ये वाळू भरून जोडलेली भट्टी विटाळते की नाही. रब्बी एलिएझर एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या बाजूला. एलिएझर म्हणाले, ‘माझं बरोबर असेल तर हे कॅरोबचं झाड सांगेल.’ झाड शंभर हात सरकलं. ‘झाडावरून पुरावा होत नाही,’ सगळे म्हणाले. ओढा उलटा वाहिला. ‘ओढ्यावरून होत नाही.’ अभ्यासगृहाच्या भिंती कलू लागल्या, तेव्हा रब्बी येहोशुआंनी भिंतींनाच दटावलं: ‘विद्वान वाद घालतायत, तुमचा काय संबंध?’ येहोशुआंचा मान राखून भिंती पडल्या नाहीत, आणि एलिएझरांचा मान राखून सरळही झाल्या नाहीत. तशाच कललेल्या राहिल्या. शेवटी आकाशवाणी झाली: एलिएझरांचंच खरं. येहोशुआ उभे राहिले आणि तोरातलंच वाक्य म्हणाले, ‘लो बाशामायिम ही’, ती आता आकाशात नाही. तोरा आम्हाला दिलीत, आता निर्णय बहुमताने.

पुढे रब्बी नाथान यांना एलियाहू भेटला. त्यांनी विचारलं, त्या क्षणी देव काय करत होता? एलियाहू म्हणाला, हसत होता. म्हणत होता, ‘माझ्या मुलांनी मला हरवलं, माझ्या मुलांनी मला हरवलं.’ ही गोष्ट सांगणारे बहुतेक इथेच थांबतात. तालमूद थांबत नाही; ती पुढे एलिएझरांना वाळीत टाकल्याचं दुःख सांगते, त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याचं सांगते. चमत्कार नाकारला ते बरोबर, पण माणसाचं मन दुखावलं ते चूकच, अशी ती गोष्ट आहे.

‘छुपा चमत्कार’ ही काय कल्पना आहे?

स्पेनमधल्या जिरोनाचे रामबान, म्हणजे रब्बी मोशे बेन नाहमान (११९४–१२७०), यांची ही शिकवण. (रामबाम वेगळे.) ते म्हणतात, मोठे उघड चमत्कार एकेकदा झाले ते यासाठी की माणसाने रोजचे लपलेले चमत्कार ओळखावेत. समुद्र दुभंगला म्हणून देव मानायचा आणि सकाळी श्वास चालू आहे त्याला ‘आपोआप’ म्हणायचं, हे त्यांना मान्य नाही. आमच्या रोजच्या तीन प्रार्थनांमध्ये ‘रोज आमच्यासोबत असलेल्या तुझ्या चमत्कारांबद्दल’ आभार मानतो. रोज, हा शब्द तिथे आहे.

तालमूदमधली एक छोटी गोष्ट मी विसरू शकत नाही. एका माणसाची बायको तान्हं मूल ठेवून वारली. दाई ठेवायला त्याच्याकडे पैसे नव्हते. चमत्कार झाला, त्यालाच पान्हा फुटला, त्याने मुलाला पाजलं. राव योसेफ म्हणाले, ‘केवढा थोर माणूस, त्याच्यासाठी असा चमत्कार झाला!’ आबाये म्हणाले, ‘उलट, केवढा दुर्दैवी माणूस, की त्याच्यासाठी सृष्टीची रीत बदलावी लागली.’ मला आबायेंचं पटतं. दाईचे पैसे कुणा शेजाऱ्याने दिले असते तर सृष्टी होती तशीच राहिली असती आणि मूलही जगलं असतं.

मग चमत्काराची वाट पाहायची की नाही?

नाही. ‘चमत्कारावर विसंबायचं नाही’ हा तालमूदमध्ये नियमच आहे. धोक्याच्या जागी उभं राहून ‘देव वाचवेल’ म्हणू नये. न वाचवला तर जीव जाईल, आणि वाचवला तर तुमच्या पुण्यातून वजा होईल. डॉक्टरकडे जा, प्रार्थनाही करा.

आणि शोआ, म्हणजे नाझींनी केलेला यहुद्यांचा संहार? साठ लाख माणसं मारली गेली तेव्हाही तो लपलाच होता?

या प्रश्नापुढे वर लिहिलेलं सगळं लंगडं पडतं, हे आधी कबूल करतो. ‘माणसाच्या स्वातंत्र्यासाठी देव मागे सरला’ हे वाक्य मारल्या गेलेल्या मुलाच्या आईसमोर म्हणता येणार नाही, आणि जे तिच्यासमोर म्हणता येत नाही ते इथेही उत्तर म्हणून लिहिणार नाही. ‘पापांची शिक्षा’ म्हणणारेही आहेत. ते मी मानत नाही.

वॉर्सॉच्या घेटोत, म्हणजे यहुद्यांना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, पियासेच्नोचे रब्बी कालोनिमुस कालमान शापिरा होते. १९३९च्या बॉम्बहल्ल्यात त्यांचा एकुलता एक मुलगा गेला. १९४२पर्यंत ते आपल्या लोकांना शब्बाथची प्रवचनं देत राहिले आणि ती लिहूनही ठेवत राहिले. ती पुरून ठेवलेली पानं युद्धानंतर सापडली. त्यांना स्वतःला १९४३च्या नोव्हेंबरमध्ये मारलं गेलं. तालमूदमध्ये यिर्मया संदेष्ट्याच्या एका ओळीवरून सांगितलंय की देवाची एक आतली खोली आहे, ‘मिस्तारिम’, आणि तिथे तो एकांतात रडतो. रब्बी शापिरा घेटोत बसून त्या ओळीवर लिहितात: देवाचं दुःख इतकं अपार आहे की ते बाहेर आलं, त्याचा एक हुंदका जरी जगाला ऐकू गेला, तर जग टिकणार नाही. म्हणून तो आत जाऊन रडतो. आणि माणूस आपलं दुःख घेऊन त्या खोलीत शिरला तर तिथे तो एकटा नसतो.

यातून ‘का’चं उत्तर मिळत नाही. पण ‘मिस्तारिम’ आणि ‘हेस्तेर’ एकाच धातूचे शब्द आहेत, आणि तोंड लपवण्याचा हा अर्थ, रडणाऱ्याने तोंड लपवावं तसा, मला त्यांच्याआधी कधी सुचला नव्हता.

देवाला जाब विचारणं पाप नाही का?

मग दाविदाची स्तोत्रं फाडावी लागतील. ‘कुठवर माझ्यापासून तोंड लपवणार?’ ‘ऊठ, का झोपला आहेस?’ हे प्रार्थनेचे शब्द आहेत. मंदिर पडल्याच्या उपासाला, ज्याला आमच्या जुन्या बायका वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत, जमिनीवर बसून विलापगीत वाचतात. त्यात एक ओळ आहे: ‘प्रार्थना पोहोचू नये म्हणून तू ढगाने स्वतःला झाकून घेतलंस.’ ती ओळ प्रार्थनास्थळात बसून देवालाच वाचून दाखवायची असते.

योमा ग्रंथात याहून धीट गोष्ट आहे. मोशेने देवाला ‘थोर, पराक्रमी, भयंकर’ म्हटलं होतं. यिर्मया म्हणाला, ‘परके त्याच्या मंदिरात धुडगूस घालतायत, कुठे आहे त्याची भयंकरता?’ आणि त्याने प्रार्थनेतून ‘भयंकर’ गाळलं. दानिएल म्हणाला, ‘परके त्याच्या लेकरांना गुलाम करतायत, कुठे आहे पराक्रम?’ त्याने ‘पराक्रमी’ गाळलं. पुढे महासभेच्या ज्येष्ठांनी दोन्ही शब्द परत आणले: आपला राग आवरून धरणं हाच त्याचा पराक्रम, आणि एवढ्या राष्ट्रांत हे एवढंसं राष्ट्र टिकून आहे हीच त्याची भयंकरता. पण मोशेचे शब्द गाळण्याचं धाडस त्या दोघांना झालंच कसं? रब्बी एलाझार सांगतात, देव सत्य आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्याच्याविषयी ते खोटं बोलले नाहीत.

रागावलेल्या आमच्या मुलांना मी हेच दाखवतो. न पटलेला शब्द गिळून टाकण्यापेक्षा यिर्मयासारखा गाळावा. त्याने शब्द गाळला, प्रार्थना सोडली नाही.

बेने इस्राएल लोक तर एलियाहू हानाबीचे, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याचे, चमत्कार मानतात. मग हे जुळतं कसं?

मानतो, मनापासून. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर एलियाहूच्या रथाची आणि घोड्याच्या टापांची खूण आहे अशी आमची श्रद्धा आहे. नवस फेडायला मालिदा करतो: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, बाजूला फळं, वर एखादं गुलाबाचं फूल. ताट भरताना आई पोह्यांत बोटं फिरवून गुळाचे खडे मोडायची आणि तोंडाने पुटपुटायची, ‘एलियाहू हानाबी...’ तिला कुणी देव कुठे आहे विचारलं असतं तर तिने हात न थांबवता ‘आधी खोबरं खवून दे’ म्हटलं असतं.

पण आमच्या समाजाची मुख्य गोष्ट आठवा. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले. समुद्र दुभंगला नाही, समुद्राने गिळलंच. उरली ती शमाची, म्हणजे ‘ऐक, हे इस्राएल’ या प्रार्थनेची ओळ, शनिवारची सुट्टी आणि सुंता. ग्रंथ नाहीत, रब्बी नाहीत, हिब्रू विसरलेली, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी घाणा बंद. लोक ‘शनिवार तेली’ म्हणायचे. मुंबईचं सर्वांत जुनं सिनेगॉग, १७९६चं शार हारहमीम, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्याच्या नवसापोटी, अशी कथा सांगतात. टिपूच्या आईने ‘हे बेने इस्राएल आहेत’ हे ऐकून रदबदली केली म्हणे. याला चमत्कार म्हणायचं की एका बाईची दया? रामबान म्हणाले असते, वेगळं काय त्यात?

शमा म्हणताना डोळ्यांवर हात का धरतात?

लक्ष विचलित होऊ नये म्हणून, हे नेहमीचं उत्तर. तालमूदमध्ये एक प्रसंग आहे. रब्बी येहोशुआ बेन हनान्या कैसराच्या दरबारात उभे होते. एका विरोधकाने नुसत्या खुणेने टोमणा मारला: ‘ज्यांच्या धन्याने तोंड फिरवलं, ते लोक.’ येहोशुआंनीही खुणेनेच उत्तर दिलं: ‘त्याचा हात अजून आमच्यावर पसरलेला आहे.’

लहानपणी शमाच्या वेळी मी बोटांच्या फटीतून बघायचो. सगळं सिनेगॉग डोळे झाकून उभं, ओळीने तळवे, काही सुरकुतलेले, काही मेंदीचे. शेजारी उभे असलेले वडील स्वतःचे डोळे झाकलेलेच ठेवून दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवायचे.